अकरावा ठराव

आमच्या देवळीच्या पतसंस्थेची आमसभा म्हणजे मागं वडाभाताचा वास सुटला की लोक न ऐकता कोणत्याही ठरावाले "मंजूर!" म्हणून ओरडतात. यंदा माह्या बाजूले बसले होते देवतळे मास्तर, पेन्शनीचा सगळा पैसा संस्थेतच ठेवून.

मी म्हणलं, "मास्तर, अहवाल पाहा. शंभर रुपये कर्जातले बावीस थकले. माही पुतणी बँकेत आहे. ती म्हणते, आकडा पाचाच्या वर गेला की संस्थेले ताप चढला समजा."

"गप बस बे, जेवण वाढून राह्यले."

मग मीच उठलो अन् अध्यक्षाच्या आवाजात म्हणलं, "ठराव अकरावा! संचालकांनी आपल्या ठेवी गुपचूप काढून घेतल्या. मंजूर?"

"मंजूर!" अख्खा हॉल ओरडला. अध्यक्ष घटाघटा पाणी प्याले. मास्तरचा चेहरा उतरला.

मी तर थट्टाच केली होती. पण सकाळी मास्तरनं मले ओढत नेलं, ठेव मोडाले. दार उघडाच्या आधीच तिथं एक बाई पासबुक घेऊन उभी. पाहतो तर अध्यक्षाची बायको!

"वहिनी, तुम्ही?"

"हळू बोला भाऊजी. आमच्या ह्यायले सांगू नोका. ते अजून लोकायले संस्था मजबूत आहे म्हणून सांगून राह्यले."