उरलेल्या तीन सुया

दीपा : अन् पंखा कोणं बंद केला आई? मे महिन्यात?

रुखमाबाई : तुह्या बाबानंच. वारा लागला का गळा आवळते म्हणते. सकायपासून पाण्याचा घोट नाही घेतला. तू पुसदच्या दवाखान्यात नर्स हायेस, तुह्यं तरी आयकन माणूस.

उकंडा : काही नाही व बाई, ऊन लागलं. मायनं उगाच गावाले, बोरी अरबले, धावत बोलावलं तुले.

दीपा : बाबा, एकच घोट घ्या. माझ्यासमोर.

(उकंडा गिलास ओठापाशी नेतो. गळा आवळतो, गिलास हातातून पडतो.)

रुखमाबाई : अवं माय! हे काय झालं?

दीपा : हात दाखवा बाबा. मार्चमधी ते पिसाळलेलं कुत्रं इथंच चावलं होतं ना?

उकंडा : हाव. दोन दिवसापासून मुंग्या येऊन राह्यल्या तिथं. जखम त कवाचीच भरली.

दीपा : चार सुया होत्या. चारही घेतल्या ना?

रुखमाबाई : घेतल्या न! चारही खेपा तालुक्याले गेलते. दंडाले कापूस लावून आलते, मी सोता पाह्यला.

दीपा : मी बाबाले विचारून राह्यली आई.

उकंडा : ...पह्यली घेतली.

दीपा : अन् बाकीच्या तीन?

उकंडा : स्टँडवर बसलो अन् वापस आलो. कापूस मीच चिपकवला.

रुखमाबाई : काय सांगता! कायले पण?

उकंडा : पह्यल्या टायमाले चक्कर येऊन पडलो होतो मी. सुई दिसली, हातपाय गार, आंगाले घाम, डोयापुढं अंधार. शुद्धीवर आलो त लाईनीतले आपल्या गावचे लोक दात काढून राह्यले. ‘ग्रामपंचायतचा भोंगेवाला उकंडा, सुई पाहूनच चित!’ कोरोनात मीच त सायकलले भोंगा बांधून गावभर वरडलो, सुईले कायले भेता म्हणून!

रुखमाबाई : लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

दीपा : आई, गप. बाबा, तुम्ही भेकड नाही. सुई पाहून काही माणसाचं बीपी खटकन उतरते, डोक्याले रक्त कमी पडते, माणूस खाली येते. मेंदू आपल्याले विचारत नाही. चांगले पहेलवान पडतात आमच्या इथं. सांगितलं असतं त झोपवून दिली असती.

उकंडा : झोपवून भी देतात?

दीपा : देतात बाबा.

उकंडा : हे कोणं सांगितलंच नाही मले.

रुखमाबाई : विचारलं होतं का कोणाले? घरात पोरगी नर्स!

उकंडा : तिले कोणत्या तोंडानं सांगू? नर्सिंगले जातानी रडत होती, तवा मीच म्हतलं, बाई, सुईले भेऊ नको.

दीपा : मी हसली नसती बाबा.

रुखमाबाई : बरं, झालं ते झालं. आता देऊन टाक उरलेल्या तिन्ही.

दीपा : त्या सुया पाण्याचं भेव सुरू व्हायच्या आधी घ्याव्या लागतात आई. एकदा हे सुरू झालं का औषध नाही. गाडी बोलाव, यवतमाळले नेऊ.

उकंडा : यवतमाळले कायले? तूच दे न बाई. हा घे हात. झोपतो मी खाटेवर. या टायमाले नाही पडत.

रुखमाबाई : दे न वो दीपा. आता ते सोताच हो म्हणून राह्यले, त दे न.