कपाटात काय निघालं

केबल नवीन आली तेव्हा मालिका बघण्यात आमच्या आईइतकं गंभीर माणूस अख्ख्या रत्नागिरीत नव्हतं. एकदा सुनेने सासूचं कपाट उघडलं आणि नेमकी लाइट गेली. सगळ्या गावाची. आईला जेवण गेलं नाही.

सकाळी मांडवीची सुमनमावशी मासे घेऊन दारात आली. बांगड्यांकडे न बघताच आईने विचारलं, "काल कपाटात काय निघालं गो?"

"मृत्युपत्र. सून वाचणार तोवर सासू जिन्यावरून पडली. आता तिला कायपण आठवत नाय."

आई इतकी हळहळली की घासाघीस न करता बांगडे घेतले.

दुपारी तोच भाग परत लागला. मृत्युपत्र, जिना, गेलेली स्मृती, सगळं अगदी तसंच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या दिवशी मी मावशीला दारातच, आईसमोर गाठलं. "लाइट तर मांडवीचीही गेली होती. तुम्ही बघितलंत कसं?"

"बघायला कशाला लागतंय?" मावशी म्हणाली. "सासूच्या कपाटात मृत्युपत्रच असतंय. आणि आदल्या दिवशी जिना धुताना दाखवला होता. कोणतरी पडणारच."

मला वाटलं, आता आई मालिका सोडणार. आईने पाट पुढे सरकवला.

"बस गो जरा. शुक्रवारपर्यंतचं सांगून ठेव. उद्यापासून पाहुणे आहेत, बघायला जमायचं नाही."