बत्तीस

सुभद्रा : तसं नोका सांगू मॅडम. ‘सिरियस हाये’ हे तं मंगळवारपासून सारेच सांगून राहिले. किती दिवस, ते सांगा.

डॉ. दामिनी : दिवस कोणीच सांगू शकत नाही, सुभद्राताई. रक्ताच्या तपासण्यांवरून लिव्हरचा एक स्कोर काढतात. सूर्यभानरावांचा बत्तीस आलाय.

सुभद्रा : मंजे कमी हाये ना? शंभरातून बत्तीस?

डॉ. दामिनी : नाही हो. चाळीसपर्यंतच मोजतात, आणि जास्त म्हणजे वाईट. सोमवारी सव्वीस होता.

सुभद्रा : पाच दिवसात सा वाढला?

डॉ. दामिनी : किडनीही थकलीय. लिव्हर बदललं नाही, तर अशा शंभर पेशंटांपैकी जवळजवळ निम्मे तीन महिन्यांत जातात.

सुभद्रा : अन् आमचा मानूस कोन्या निम्म्यात?

डॉ. दामिनी : ते स्कोर सांगत नाही. मलाही माहीत नाही.

सुभद्रा : सकाळी त्यायनं मले ‘माय’ म्हनून हाक मारली. सासूबाई जाऊन नऊ वर्सं झाले.

डॉ. दामिनी : लिव्हर रक्त साफ करत नाही, म्हणून विष डोक्यात चढतं. औषधानं आत्ता नीट बोलतायत. तुमचा रक्तगट जुळतोय, तुमच्या लिव्हरचा तुकडा त्यांना बसवता येऊ शकेल. पुढचं सगळं नागपूरला, अकोल्यात होत नाही. पण सूर्यभानरावच नको म्हणतात, संमतीच्या कागदावर सही करत नाहीत.

सुभद्रा : मले जाऊ द्या त्यायच्यापाशी.

(वॉर्डात, सूर्यभानच्या खाटेजवळ.)

सूर्यभान : तेल्हाऱ्याले चाल. झेंडू तोडनीले आला असन.

सुभद्रा : आपली आचल तोडून राहिली तो. तुमी आयका. तुमच्यासारखे शंभर असले, तं तीन महिन्यात पन्नास जातेत.

सूर्यभान : पन्नास राह्यतेत बी.

सुभद्रा : सोमवारी धोका कमी होता. रोज वाढून राहिला.

सूर्यभान : दारू मी पेलो. पोट तुह्यं काहून चिरायचं?

सुभद्रा : दीड वर्स झालं, थेंब नाई घेतला तुमी.

सूर्यभान : अन् तुले काई झालं तं? पोरीले कोन?

सुभद्रा : मले बी भेव लागते. पन सकाळी तुमी मले माय म्हनलं, तवा याच्याहून जास्त भेव वाटलं.

सूर्यभान : मी? तुले माय म्हनलं?

सुभद्रा : दोनदा.

सूर्यभान : ...आन मंग तो कागद. समजून राहिलं तवरच.

सुभद्रा : हा घ्या पेन. अठी, खाली.

सूर्यभान : सुभद्रे, लई दुखीन का तुले?

सुभद्रा : दुखीन. करा सही.