नदीपलीकडची दोनशे अकरा माणसं

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, जनगणना कार्यालयातील माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो, आणि पस्तीस वर्षांच्या सेवेनंतर आज आपला निरोप घेणाऱ्या आमच्या नकाशाताई,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. ज्या देशाच्या पूर्व टोकाला दिवे लागतात तेव्हा पश्चिम टोकाला लोक दात घासत असतात, तो देश जिने जन्मभर कागदावर उतरवला तिच्याबद्दल पाच मिनिटांत काय सांगू?

या भिंतीवरचा नकाशा बघा. ताईंच्या हातचा आहे. एक ठिपका म्हणजे दहा हजार माणसं. खाली किनाऱ्याला ठिपक्यांची इतकी दाटी, की कागद काळा पडलाय. मध्ये वाळवंट, वर बर्फ. तिथे वीत-वीत कागद कोरा. पाहुणे विचारतात, "इथे कोणी राहत नाही?" ताई म्हणतात, "राहतात की! ठिपक्याएवढे नाहीत, इतकंच."

देश मोठा कशाने होतो हो? क्षेत्रफळाने? मग बर्फाला मतदान करू द्या!

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मोजणी संपली होती, अंतिम आकडे पाठवायला दोन दिवस उरले होते. उत्तरेकडच्या एका परिचारिकेचं पत्र आलं: "आमच्या वस्तीत मोजणीवाले आलेच नाहीत. आम्ही आहोत ना?"

ताईंनी दोन जिल्ह्यांचे नकाशे शेजारी ठेवले आणि कपाळाला हात लावला. नदी ही दोघांची हद्द. पुरात नदीने पात्र बदललं आणि अलीकडची वस्ती पलीकडे गेली. अलीकडचे म्हणाले, नदीपार आहे, म्हणजे त्यांची. पलीकडच्यांचा नकाशा जुना. त्यात वस्ती अजून अलीकडेच. दोघंही नियमाने चालले, आणि मधल्या मध्ये माणसं गायब!

विभागाचे साहेब म्हणाले, "ताई, चाळीस कोटींत शंभर माणसं म्हणजे दर्यात खसखस. अंदाजे आकडा घाला अन् मोकळ्या व्हा."

"खसखस मोजायचा हुकूम नाही आपल्याला, साहेब. घरी चौघांपैकी एक जेवायला आला नाही, तर वहिनी त्याला अंदाजे जेवलेला धरतात का?"

"मग जा तुम्हीच!" साहेब चिडले.

त्या खरंच गेल्या. दोन रेल्वेगाड्या, एक होडी, उरलेलं पायी. नवव्या दिवशी परतल्या तेव्हा सुजलेल्या पायांत बूट चढत नव्हते. टेबलावर कागद ठेवला. दोनशे अकरा. म्हणाल्या, "दोनशे बारावी माझ्यासमोर जन्मली. पण मोजणीची ठरलेली तारीख उलटून गेली होती. तिला धरता येत नाही."

शाळा आकड्यावर मिळते. त्या वस्तीला वर्षभरात मिळाली. ताईंना मेमो मिळाला: 'आकडे सात दिवस उशिरा, जबाबदार नकाशा विभाग.' बढती दोनदा हुकली. वरून चौकशी आली, तेव्हा "मीच जा म्हणालो होतो" एवढं साहेबांच्या तोंडून निघालं नाही.

मित्रहो, ते साहेब मी.

माणसाच्या मोलावर मी सभा गाजवतो, तुम्ही टाळ्या देता. ते मोल ज्यांनी मला शिकवलं, त्यांच्यासाठी दोन शब्द बोलायची वेळ आली तेव्हा माझी दातखीळ बसली, ती वीस वर्षं. काल अध्यक्षांच्या हाती मी लेखी कबुली दिली आहे. ताईंच्या सेवापुस्तकातला तो शेरा आता माझ्या नावावर जावा.

आज सकाळी हे ताईंना सांगितलं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ती मुलगी पुढच्या मोजणीत आली होती. मी शोधून बघितलं."

अध्यक्ष महोदय, आपण बोलू दिलंत, सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. वेळ जास्त घेतला, शब्दही कुठे उणे-अधिक गेले असतील. ते सभागृहाने पोटात घालावं. गप्प बसल्याची क्षमा मात्र सभागृहाकडे मागत नाही. ती ताईंकडे मागतो. आणि ताई, ती अंदाजे देऊ नका.