सुजाताचा ताप मी मोजला न्हाय

माझं म्हायेर बिद्रीकडचं, आन् लगीन हून आलो हितं शिरोळच्या बाजूला, नदीकाठाला. बारावी झाल्याली, म्हणून गाव म्हणालं मंगल, तू आशा हो. आशा म्हंजे काय, गरोदर बायकांच्या मागं लागायचं, पोरं लशीला गोळा करायची, बाळंतीण घरी आली की ठरल्या दिवशी जाऊन बघायचं. आदी लोक दारात उभं करत न्हवती. लस टोचली की पोरगं तापतंय म्हणून एक म्हातारी खराटा घिऊन माझ्या मागं लागलीती. आज तिचीच नातवंडं सगळ्यांच्या आदी येत्यात, एवढं काम केलंय मी, खोटं न्हाय सांगत.

आन् एवढं करून, काय सांगू तुम्हास्नी, सुजाता माझ्या हातनं गेली.

गावातल्याच शांताकाकूंची लेक ती, पैल्या बाळंतपणाला म्हायेरी आलती. दवाखान्यात पोरगी झाली, घरी आणली, सातव्या दिवशी मी गेलो. आमच्यात बाळंतिणीच्या बाजंखाली शेगडी ठेवत्यात, ओव्याची धुरी देत्यात, खोलीत धूर असा की डोळं उघडंना. बाळाचं वजन केलं, काखंत थर्मामीटर लावला, बेंबी बघितली, सगळं बेस. मग सुजाताच्या कपाळाला हात लावला तर चटका. काकू म्हणाल्या अगं आत्ता शेक घेतलाय, तापणारच की. मला बी पटलं, माझ्या दोन्ही टायमाला मी बी अशीच भाजून निघालतो. सुजाता म्हणाली वैनी, थंडी वाजतीया, ओटीपोटात लई दुखतंय. मी म्हटलं पैलीच खेप हाय न्हवं, दुखायचंच. थर्मामीटर माझ्या हातात हुता, पावणं. हातात. बाळाचा ताप मोजला आन् पुसून डबीत ठिवला. अंगावरनं जातंय त्याला वास येतोय का, हे इचारायचं असतंय, शिकीवल्यालं हाय आमास्नी. धुरीत मला कळलं न्हाय आन् मी इचारलं बी न्हाय.

दोन दिसांनी तिचा भाऊ पळत आला. सुजाता बरळत हुती. गाडी करून कोल्हापूरला नेली. डाक्टर म्हणाले गर्भपिशवीत जंतू झालं, रक्तात पसरलं, आदी आणायची हुती. तिथंच चौथ्या दिवशी गेली.

काकू म्हणत्यात शेगडी मी पेटिवली, मी म्हणतो ताप मी मोजला न्हाय. दोघी वाटून घेतो, पर कमी काय व्हत न्हाय. आता कुणाच्या बी घरी गेलो की शेगडी भाईर काढा म्हणतो, घटकाभर थांबतो, आन् आदी आईचा ताप मोजतो. बायका म्हणत्यात लई कटकटी हाय ही. असू दे.

लशीच्या दिवशी यादी मीच वाचतो. बारशाच्या आदी कार्ड केलं की त्यावर आईचंच नाव असतंय, सुजाताचं बाळ. दीड म्हयन्याच्या लशीला तिथवर आलो आन् यादी खाली ठिवली. काकू नातीला घिऊन म्होरंच बसल्यात्या. मी म्हटलं काकू, कार्डावर नातीचं नाव लावून घिऊ या. त्या म्हणाल्या नगं गं. मी रडतो म्हणून घरात लेकीचं नावच कुणी घेत न्हाय. तू तरी घे की, मोठ्यानं घे.

परवा नऊ म्हयन्याची लस झाली. मी वरडलो, सुजाता. काकू उठल्या, म्हणाल्या व्हय, हाय की. पोरगी रडली, मग माझ्याकडं बघून हासली. लई आयुष्य लाभू दे तिला, पावणं. माझं बी लागू दे.