जुम्म्याची रात्र

हॅलो?… हो, उम्म कुतैबाच बोलतेय. सलाम. सुरुवात करू?… तर श्रोतेहो, वेळ म्हणजे अरबी घोडी. लगाम जिच्या हाती, तिचं घरही चालतं आणि धंदाही. मी हा भटारखाना काढला तेव्हापासून माझ्या हातून एक तारीख चुकली असेल तर… अं?… कोण?… अहो, तुम्ही?… मग आधी बोलायचं ना. मला वाटलं रेडिओवाले. आज मुलाखत आहे माझी, 'घर सांभाळून व्यवसाय'…

कसले पेले?… कॉफीचे? सोनेरी काठाचे?… ते उद्यासाठी धुऊन ठेवलेत, त्यांना हात लावू नका. आत्ता कशाला हवेत?… पाहुणे? कोणते?… किती?… वीस-पंचवीस. सगळे पुरुष. झगे घालून.

अबू कुतैबा, जरा सावकाश सांगा. मधल्या गादीवर कोण बसलंय?… हाज नव्वाफ. म्हणजे मुलाचे आजोबा. म्हणजे ही आपल्या सवसनला मागणी घालायला आलेली जाहा आहे. आणि तुम्ही मला पेले कुठेत ते विचारताय.

अहो, जाहा उद्या आहे. शुक्रवारी रात्री. फ्रीजवरच्या तक्त्यावर लिहिलंय मी, हिरव्या शाईत. हिरवी घरासाठी, लाल गिऱ्हाइकांसाठी… दिवस तुमच्या आईनेच सांगितला होता. शब्द न शब्द आठवतो मला. म्हणाल्या, 'जुम्म्याच्या रात्री येणार'…

…

या अल्ला.

नाही, नाही, त्यांचं काही चुकलं नाही. गुरुवारचा सूर्य बुडाला की जुम्म्याची रात्र लागते. जुन्या माणसांची रात्र आधी येते, दिवस मागून येतो. माझ्या फोनमधल्या कॅलेंडरला हे कोणी शिकवलं नाही.

पण तुम्हाला ठाऊक होतं?… सकाळपासून?… आई नवा कपडा घालून बसल्या, तेव्हा कळलं. बरं. मग तोंड का नाही उघडलंत?… काय?… 'तुझं नियोजन असतं, मध्ये बोललेलं तुला चालत नाही.' वा. एवढ्या वर्षांत माझी एक गोष्ट ऐकलीत, तीही नेमकी आज.

अगं सवसन, पानं वळ तू, घट्ट वळ. बाबा आहेत. पेले सापडत नाहीयेत त्यांना…

हो, समोरच बसलीये, पण पंख्याच्या घरघरीत तिला आपलं काही ऐकू जात नाही. तिला मागायला पंचवीस माणसं आलीत आणि ही दुसऱ्या कुणाच्या लग्नासाठी भात भरून द्राक्षाची पानं वळतेय. हाताला भात चिकटलाय… नाही, इतक्यात सांगणार नाही. आधी तुम्ही मला एक सांगा. कॉफी दिलीत?… साध्या पेल्यांत का होईना, दिलीत ना. प्यायले?… हाजींनी पेला न पिता खाली ठेवलाय. अल्लाचा शुक्र आहे. मग अजून काही गेलं नाही.

ऐका. पेला खाली आहे तोवर आपली अट घालता येते. एकदा तुम्ही 'प्या' म्हणालात की मागणी मान्य. मग अट नाही, नुसती विनंती. आणि मुलीच्या आईची विनंती लोक कशी ऐकतात, ते मी तुमच्या घरात येऊन शिकलेय.

अट हो. विसरलात?… लग्नानंतरही सवसन माझ्याबरोबर काम करणार. भटारखान्यात अर्धी भागीदार. अहो, गिऱ्हाइकं तिच्या हातची पानं मागतात, माझ्या नाही. मुलाला कबूल आहे. पण बैठकीत मुलाला कोण विचारतो? त्याच्या आजोबांचा शब्द हवा, चारचौघांत. सुहैब भावजी बोलणार होते ना… कुठेत भावजी?… अकाबाला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. बरोबर. मीच सांगितलं होतं, उद्या दुपारी निघा म्हणून.

मग तुम्ही बोला… का नाही? बाप आहात तिचे… नाही, 'बायको म्हणते' असं नका म्हणू. 'मी म्हणतो' म्हणा. आयुष्यात एकदा तरी… मी कशी येऊ? इथून, हुस्नच्या भटारखान्यातून, इरबिदला घरी यायला अर्धा तास, आणि आले तरी पुरुषांच्या बैठकीत काय, पडद्याआडून खोकू?

हं, म्हणा माझ्या मागून. 'हाज नव्वाफ, तुमचं मागणं डोक्यावर. पण कॉफीआधी एक गोष्ट.'… पुन्हा म्हणा… 'तुमची हरकत नसेल तर' हे कुठून आलं मध्येच? काढा ते… हां. आता जा. फोन खिशात ठेवा, बंद करू नका. मी ऐकतेय.

…

हाजींचाच आवाज. छान बोलतात. दोन घरं, एक ताट… हं. सवसनच्या आजोबांचंही नाव घेतलं. रीतीचा माणूस आहे, ऐकून घेईल.

आता तुम्ही.

बोला ना… किती खाकराल… 'तुमचं मागणं डोक्यावर.' छान. आता 'पण'… पण म्हणा… अहो, 'पण'…

…

हा कसला आवाज?

…

फातिहा म्हणताहेत सगळे. म्हणजे ठरलं.

…

हॅलो?… हो, इथेच आहे. ऐकलं… मुबारक. तुम्हालाही मुबारक… हं. कॉफी निवत होती, म्हणून 'प्या' म्हणालात… हो, सगळे तुमच्याकडे बघत होते. पंचवीस माणसं बघायला लागली की अवघडच होतं… छे, चिडले नाही. हाजी काय म्हणाले मग?… 'तुमची लेक आमच्याकडे राणीसारखी राहील, हाताला काम लागू देणार नाही.' आणि तुम्ही काय म्हणालात?… 'अल्ला तुमचं भलं करो.'

करो.

…नंतर बोलून बघाल? कधी?… 'योग्य वेळ बघून.' बरं. वेळेचं तेवढं तुम्ही बघा आता.

काय गं?… काही नाही, बाबाच आहेत. तू वळ…

विचारतेय, आईचा चेहरा असा का झाला म्हणून. काय सांगू तिला, अबू कुतैबा?… मीच काहीतरी सांगू. बरं. पेले सापडले म्हणते सध्या.

ठेवते मी. दुसरा फोन येतोय, रेडिओवाले असणार… हो, सांगेन ना त्यांना. घोडीचंसुद्धा सांगेन.

आणि एक काम कराल? फ्रीजवरच्या तक्त्यात उद्याच्या चौकटीत हिरव्या शाईने 'जाहा' लिहिलंय. तेवढं पुसून टाका… नको, ओल्या फडक्याने नको, डाग राहतो. कोरड्याने पुसा.