नक्षीच्या खुर्च्यांचे दोन इंच

...आणि वर तो दुकानदार मलाच म्हणतो, "सर, तुम्ही खुर्ची घ्यायला आलात की तिची उलटतपासणी घ्यायला?" आता तुम्हीच सांगा, दीडशे वर्षांची जुनी खुर्ची म्हणून विकताय, तर दीडशेच कशावरून, एकशे चाळीस का नाही, एवढंही माणसानं विचारू नये? मी आपली शंका विचारली. त्यात चिडण्यासारखं काय होतं?

तुम्हाला सांगतो, मी मूळचा संशयी नाही. म्हणजे नसावा. छत्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, आणि माझा प्रबंधच होता संशय या विषयावर, चारशे बारा पानांचा, काळ्या कापडी बांधणीचा, आजवर तीन जणांनी वाचलेला. त्यातला एक मी, दुसरा टंकलेखक, आणि तिसऱ्याबद्दल, म्हणजे परीक्षकांबद्दल, मला अजून खात्री नाही. तर ते असो. खुर्च्यांचं सांगत होतो.

हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, सोफ्यात रुतायचं नाही, उंच बैठकीची, हात असलेली खुर्ची घ्या. मुलीनं लगेच एक पाठवून दिली... पांढरी, प्लॅस्टिकची, पायांना रबरी टोप्या. ही तिच्याकडे बघून म्हणाली, "ही आजाऱ्याची खुर्ची आहे. हिच्यात बसले की येणारा-जाणारा माझ्याशी आवाज बारीक करून बोलणार." मग पदराशी चाळा करत, माझ्याकडे न बघता, "खिडकीशी दोन नक्षीच्या खुर्च्या असाव्यात, असं लग्न झाल्यापासून वाटतं मला. बोलले नाही कधी."

बेचाळीस वर्षं! माणसाला ज्ञान कसं होतं हे मी वर्गावर्गांतून सांगत हिंडलो, आणि घरातली एवढीशी गोष्ट मला ठाऊक नव्हती. ती पांढरी माळ्यावर टाकली आणि अभ्यासाला लागलो. दोन महिने. लाकूड, सांधे, पॉलिश, कीड... जुन्या किडीची भोकं कशी, मुद्दाम पाडलेली कशी. हिनं माझं नाव वाळवी ठेवलं. "आज वाळवी कुठल्या दुकानात लागणार?" असं विचारायची, पण डबा भरून द्यायची.

शेवटी एका बोळातल्या दुकानात ती जोडी दिसली. पलंग उभे करून ठेवलेले, दहा घड्याळं दहा वेगवेगळ्या वेळा दाखवतायत, आणि त्यांच्या मागे या दोघी. पाठीवर द्राक्षाचा वेल, पान न् पान वेगळं, हातांच्या टोकाला उमललेलं फूल. मला लगेच आवडल्या, आणि मला एखादी गोष्ट लगेच आवडली की मी घाबरतो. म्हणून मी खुर्चीखाली उताणा झोपलो. हातात भिंग, तोंडात टॉर्च. दुसरं एक गिऱ्हाईक पाणी घेऊन धावत आलं, त्याला वाटलं मला झटका आला.

आणि सापडलं ना! चारही पाय तळाशी जोडलेले. दोन बोटं उंचीचा वेगळा तुकडा, दोन्ही खुर्च्यांना. शिवाय एका खुर्चीच्या उजव्या हातावरचं फूल झिजून गुळगुळीत, बाकीची तीन मात्र कोरीव. म्हणजे पॉलिशपेपर घासून जुनं केलेलं! मी तिथूनच, खालूनच, म्हटलं, "हे मूळचं नाही." दुकानदार कंबरेवर हात ठेवून उभा. "सर, वर्षभरात पन्नास जणांनी बघितल्या, सगळ्यांनी तोंड बघितलं, पाय कुणी बघितले नाहीत. कमी करतो, घेऊन जा, पण उद्या पुन्हा झोपायला येऊ नका." मी आपली शंका विचारली होती, बाकी काही नाही.

खुर्च्या घरी आल्या. खिडकीशी लागल्या. ही त्या झिजलेल्या फुलाच्याच खुर्चीत बसली, वेलावरून हात फिरवला, आणि अशी ताठ झाली, जणू समोर फोटोवाला उभा आहे. पाच मिनिटं आम्ही दोघं समोरासमोर बसलो. छान होतं ते.

मग तिला उठायचं होतं.

उठता येईना. बैठक सतरा इंच, आणि तिला हवी होती एकोणीस. तुम्हाला सांगतो, मी दुकानात टेप नेली होती, टेपनं किडीच्या दोन भोकांमधलं अंतर मोजलं होतं, बैठकीची उंची मोजली नाही. भिंग नेलं, टॉर्च नेला, बायकोला नेलं नाही! मी ओढलं, ती कळवळली. "राहू द्या," म्हणाली, "जेवण इथेच आणा." शेवटी शेजारच्या वहिनी आल्या, आम्ही दोघांनी धरून उठवली. उशी ठेवून पाहिली, तर उशी दबते आणि खुर्चीचे हात खाली राहतात. संध्याकाळी ती भिंतीला धरून उभी होती, म्हणाली, "ती पांढरी काढा माळ्यावरून." रागानं म्हणाली असती तर मला चाललं असतं हो.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. म्हणाला, "काका, सोपं आहे. पायाखाली दोन-दोन इंच जोडून देतो." मी हादरलो. जुन्या वस्तूला हात लावायचा नाही, सगळी पुस्तकं हेच सांगतात! मी त्याला हे समजावतोय, आधीच खुर्चीचे पाय कुणीतरी फसवायला जोडलेत म्हणून दाखवतोय, तोवर त्यानं खुर्ची उलटी केली, अंगठा त्या जोडावरून फिरवला. मग म्हणाला, "फसवणारा असली मेहनत घेत नाही. रेषेला रेष जुळवलीय बघा. आणि हे फूल पॉलिशपेपरनं नाही झिजलं." त्यानं स्वतःचा तळवा त्या फुलावर टेकला, अंगाचा भार दिला, आणि उठल्यासारखं केलं. "असं झिजलंय. इथं कुणीतरी रोज असं उठायचं. गुडघे दुखत असणार, म्हणून खुर्ची उंच करून घेतली."

मी तरी हट्टानं विचारलं, मग दुसरीचं काय? तिचं फूल तर शाबूत आहे. तिचे पाय का जोडले?

सुतार हसला. आतून हिचा आवाज आला, "समोर बसणाऱ्याला खाली बसवायचं नसेल, वाळवी. एवढंही कळत नाही?"

आता काय सांगू तुम्हाला... भिंगातून मी तो जोड बघितला होता. लबाडी म्हणून बघितला होता. कुणाच्या तरी गुडघ्यासाठी दोघं मिळून उंच झाले होते, आणि मी खाली झोपून त्यांच्यावर आरोप करत होतो.

सुतार म्हणाला, "काकूंची एकच उंच करू?" मी म्हटलं, दोन्ही.

झाल्या. ही आता त्या फुलावर हात टेकते आणि उठते. मुद्दाम उठते, काही काम नसताना. पांढरी खुर्ची माळ्यावरच आहे. प्रश्न फक्त माझा. मी मुळात बुटका, एकोणीस इंचांवर बसलो की माझे पाय जमिनीला पोचत नाहीत, शाळेच्या पहिल्या दिवसासारखे लोंबतात, मुंग्या येतात. मी म्हटलं, एखादं जुनं, नक्षीचं पायस्टूल बघू का... ही फुलावर हात टेकून उठली. आत गेली, कपाटातून काहीतरी घेऊन आली आणि माझ्या पायाखाली सरकवलं.

काळी कापडी बांधणी. चारशे बारा पानं.

"आता टेकतायत?" तिनं विचारलं.

टेकत होते. आयुष्यात पहिल्यांदा तो प्रबंध कुणाच्या तरी उपयोगी पडला. पण मला राहवलं नाही, मी म्हटलं, "ही जाडी बरोबर दोन इंच आहे, की किंचित कमी?"

...मी आपली शंका विचारली.